मूठभर गवत

कोल्हापुरात गंगावेशीतल्या म्हाताऱ्या माणसांपुढं जयसिंगरावांच्या गोठ्याचं नाव काढलं, की ती अजूनही ओठांवरून जीभ फिरवतात. संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकानं पेला पुढं करायचा आणि जयसिंगरावांनी थेट त्यातच धार काढायची. नाकाला फेस लागल्याशिवाय दूध प्यालो असं कुणी म्हणत नव्हतं. आता त्याच गोठ्यात म्हशीचं शेपूटसुद्धा नाही. दावणीच्या दगडावर काचेची एक पेटी आहे आणि पेटीत दोन जनावरं. दोघींना मिळून एका तळहातावर घेतलं तरी हात भरायचा नाही.

जर्बिल म्हणतात त्यांना. उंदराहून देखणी, खारीहून लहान, शेपटीच्या टोकाला झुपका. एक भाजल्या हरभऱ्याच्या रंगाची, ती फुटाणी. दुसरी पांढरीशुभ्र, ती लाही. नावं दीप्तीनं ठेवलेली. दीप्ती म्हणजे जयसिंगरावांची एकुलती एक पोरगी. नर्स आहे, रंगपंचमी झाल्यावर जर्मनीला गेली.

पेठेला काय, बोलायला विषयच हवा असतो.

"काय जयसिंगराव, दोन्ही वेळचं मिळून दूध किती निघतंय?"

"तुझ्या चहापुरतं निघतंय की. ये सकाळी बरणी घेऊन."

कोल्हापूरचा माणूस चेष्टा करतोही आणि सोसतोही. पण दार लोटून आत आलं की जयसिंगरावांचं हसू तिथंच उतरायचं. घरात ते एकटेच. बायको संयोगिता जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटची म्हैस हरणी, तिला दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांपायी विकावी लागली. गर्दीतनं नुसती हाळी दिली की कान टवकारून मालकामागं पळत येणारी म्हैस होती ती. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरमाळ घालून तिला मिरवायला काढायची, तर छोटी दीप्ती पुढं शिट्टी वाजवत पळायची. म्हैस तिच्याही शिट्टीला यायची. एकेकाळी शिट्टीसरशी येणाऱ्या दोघी होत्या घरात, असं जयसिंगराव कधी कधी स्वतःशीच म्हणत आणि मग उगीच गोठा झाडत.

आता ही जनावरं आली कशी ते सांगायला पाहिजे.

दीप्ती पुण्यात नोकरीला होती तेव्हा जयसिंगरावांनी तिच्यासाठी कुरुंदवाडचं एक स्थळ काढलं. घर नदीकाठचं, मळा, ऊस, पोरगा शिकलेला. पोरीला न विचारताच त्यांनी सुपारी फोडून टाकली. वाईट हेतू नव्हता हो. म्हशी सांभाळलेला माणूस, हाळी दिली की जनावर येतं एवढंच त्याला ठाऊक. दीप्ती रात्रीच्या गाडीनं आली, चप्पलही न काढता उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मला विचारलंत का?"

शब्दाला शब्द लागला. जयसिंगराव म्हणाले, "तुझी आई असती तर ही वेळ आली नसती."

"आई असती तर तिनं आधी मला विचारलं असतं."

हे वाक्य जयसिंगरावांच्या काळजात रुतून बसलं, कारण ते खरं होतं. सुपारी मोडली, नाचक्की झाली आणि बापलेकीचा अबोला धरला गेला. पुढं तिनं जर्मनीचं जमवलं. निघायच्या आदल्या दिवशी ही काचेची पेटी घेऊन आली. पुण्याच्या खोलीत पाळली होती, परदेशात नेता येत नव्हती, दुसरं ठेवणार कुणाकडं? गोठ्यात उभी राहून ती काय काय सांगत होती. ही मुळात वाळवंटातली जात, पाणी थोडंच लागतं, पेटीत ओल म्हणून होऊ द्यायची नाही. जयसिंगराव भिंतीकडं तोंड करून रिकामं दावं गुंडाळत बसले होते. त्यांनी त्यातलं काही ऐकलं नाही. ऐकलं ते एवढंच की उंबऱ्यावर पोरगी "जाते" म्हणाली. आपल्यात घरातून निघणारा माणूस "येतो" म्हणून निघतो. "जाते" म्हणून गेली पोरगी, आणि हा माणूस दावं गुंडाळत बसला.

पण आठवड्याच्या आत फोन आला. व्हिडिओचा फोन. जयसिंगरावांनी घाईनं उचलला, तर तिकडून कोरडा आवाज, "लाही-फुटाणी दाखवा."

त्यांनी फोन पेटीकडं फिरवला. शेजारच्या पोरानं पेटी दिसेल असा फोनचा मागचा कॅमेरा लावून दिला, तो तसाच राहिला; आपला कॅमेरा ती बंदच ठेवायची. मग रोज संध्याकाळी तिची ड्यूटी संपली की फोन. जयसिंगराव एका हातानं फोन धरायचे, दुसरा हात पेटीत घालून गवत बाजूला करायचे. "ही बघ फुटाणी. ही लाही. खाल्लंय दोघींनी." "बरं. ठेवते." बास. पुण्यात राहून तिची बोलीही बदलली होती. आमच्याकडं पोरीसुद्धा पोरांसारखं "मी येतो, मी जातो" म्हणतात. ती आता बापाशीसुद्धा शहरातल्यासारखं "येते, जाते, ठेवते" बोलायची. ते जयसिंगरावांना जास्त लागायचं. जेवलात का, गुडघा कसा आहे, यातलं काही नाही. आणि त्यांनाही विचारता यायचं नाही.

मग त्यांनी मनाशी एक हिशेब पक्का केला. पोरगी फोन करते ती जनावरांसाठी. जनावरं आहेत तोवर फोन आहे. यांना काही झालं तर ही पेटी रिकामी, फोन मुका, आणि आपण मेल्यावरच तिला कळणार. हे ते कुणाजवळ बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी त्या दोन जिवांना असं जपलं, की तशी हरणीलाही जपली नव्हती.

श्रावणात गवताचं अडलं. दीप्ती पुण्याच्या एका दुकानातून वाळल्या परदेशी गवताची पिशवी पाठवायला लावत असे. ही जनावरं त्यातच बिळं करतात, त्याचंच अंथरूण करतात, तेच कुरतडतात. दुकानानं ते आणणं बंद केलं. संध्याकाळी फोनवर ती पहिल्यांदाच दोन वाक्यं जास्त बोलली.

"आबा, तिकडं चांगलं वाळलेलं गवत मिळेल का? धूळ नको. टोचणारं नको. मऊ हवं."

जर्मनीतल्या पोरीला बापाकडून हवी असलेली एक तरी गोष्ट निघाली, आणि तीसुद्धा गवत. जन्मभर दुसरं केलं काय होतं?

"गवताचं मी बघतो," ते म्हणाले. "तू घोर करू नको."

दुसऱ्या दिवशी स्वच्छ धोतर नेसून ते मुनव्वरच्या वखारीत गेले. मुनव्वर वैरणीचा व्यापारी, लहानपणापासूनचा दोस्त. हरणी विकल्यापासून जयसिंगराव तिकडं फिरकले नव्हते. वैरणीचा वास त्यांना सोसायचा नाही.

मुनव्वर उठून उभाच राहिला. "अरे, म्हस घेतलीस काय? किती पेंढ्या टाकू? गाडी लावू?"

"एक मूठ दे."

"एक काय?"

"मूठ."

मुनव्वर आधी खुळ्यासारखा बघत राहिला आणि मग इतका हसला की हमाल गोळा झाले. पण सगळं ऐकल्यावर हसायचा थांबला. त्यालाही दोन लेकी आहेत. म्हणाला, "चल. वखारीतलं सगळं तुझंच. निवड."

मग जयसिंगरावांनी निवड सुरू केली, सून बघायला गेल्यासारखी. आधी राधानगरीकडचं भाताचं पिंजर. रंगाला सोन्यासारखं, पण त्यांनी मूठ आवळून सोडली तर काड्या लगेच उलगडल्या नाहीत. तिकडचा पाऊस काड्यांत मुरलेला. नाकाशी धरलं तर आत दमट वास. बाजूला टाकलं. मग कुरुंदवाडकडचं नदीकाठचं गवत. हाताला रेशमासारखं मऊ. जयसिंगरावांनी ते हाताच्या झटक्यानं झाडलं, तर पुराच्या गाळाची बारीक धूळ उडाली आणि दोघं शिंकले.

"कुरुंदवाडचं तुला लाभत न्हाय लेका," मुनव्वर म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

जयसिंगरावांनी हात झटकून पुढचा भारा ओढला. तिसरं होतं जोतिबाच्या डोंगराकडचं, गेल्या दिवाळीच्या सुमाराला कापलेलं. बारीक, अजून हिरवटपणा धरून असलेलं, आणि वास असा की डोळे मिटले तर गोठा भरलेला दिसावा. त्यात एकच खोट होती, कुसळं. सुईसारखी टोकं त्यांची, जनावराच्या डोळ्यात-तोंडात रुतली म्हणजे संपलं.

"हे दे."

"अरे, कुसळं हाईत त्यात."

"मला काय काम हाय दुसरं? काढतो की."

आणि काढली. दोन दिवस माणूस दारात चष्मा लावून बसला होता, परातीत गवत घेऊन. एक एक काडी धरायची, शेंडा कातरायचा, कुसळ उपटायचं. पेठेनं तोंडसुख घेतलं. "जयसिंगराव, तांदूळ निवडालाय व्हय?" त्यांचं लक्षच नव्हतं. निवडताना बोटातली अंगठी गवतात पडली. लग्नातली अंगठी, कधी निघायची नाही अशी. सापडली तेव्हा त्यांनी घरातला काळा दोरा घेऊन तिला आतून चार वेढे दिले आणि पुन्हा बोटात घातली. एकट्यासाठी भाकरी थापायचा कंटाळा करणाऱ्या माणसाची बोटं बारीक होणारच.

त्या संध्याकाळी गवत पेटीत गेलं. दोघी त्यात अशा घुसल्या की नुसती हालचाल दिसावी, अंग दिसू नये. दीप्ती फोनवर बराच वेळ बघत राहिली.

"वास कसा आहे, आबा?"

जयसिंगरावांना वास सांगता येईना. "वास व्हय… चांगला हाय."

"आपल्या गोठ्यासारखा?"

"व्हय. तसाच."

नेहमीसारखं "ठेवते" यायला त्या दिवशी उशीर झाला. तेवढ्या उशिरावर जयसिंगरावांनी रात्री दीड भाकरी खाल्ली.

पण सुख अंगी लागायला नशीब लागतं. चार दिवसांनी त्यांनी दुसरी मूठ निवडून तयार केली. मन भरून आलेलं. ओसरीत बसून गवताकडं बघताना त्यांना दीप्ती आठवली, सातआठ वर्षांची, परकर खोचलेली. म्हशीला टाकायच्या आधी वैरणीवर मिठाचं पाणी शिंपडतात. वैरणीला चव येते, जनावर आवडीनं खातं. सगळेच दूधवाले करतात. जयसिंगरावांच्या घरात ते काम दीप्तीचं होतं. तांब्यात खडेमीठ विरघळवायची आणि देवावर पाणी शिंपडावं तशी बोटांनी शिंपडायची, तोंडानं काहीतरी गाणं म्हणत. अर्धं पाणी बापाच्या पाठीवर.

जयसिंगराव कधी उठले, कधी तांब्या घेतला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. हातच चालले. मीठ विरघळलं, गवतावर शिंपडलं, वर-खाली केलं आणि मोठ्या मायेनं पेटीत टाकलं. आज पोरींना चवीचं मिळेल, एवढंच मनात.

श्रावणातली हवा, त्यात मीठ. मीठ ओल ओढतं. दोन दिवसांत गवताला आतून बुरा चढला. वरून काही दिसेना, आणि जयसिंगरावांना सर्दी झालेली, त्यामुळं वास येईना. तिसऱ्या दिवशी लाही कोपऱ्यात अंग फुगवून बसली. श्वासाला बारीक टकटक आवाज. त्यांनी गवत उचकटलं, हाताला गार, ओलं लागलं. भिंतीकडं तोंड करून दावं गुंडाळताना जे ऐकलं नव्हतं, ते सगळं आत्ता कानात वाजायला लागलं. वाळवंटातली जात. ओल म्हणून होऊ द्यायची नाही.

त्यांनी सगळं गवत बाहेर फेकलं, पेटी पुसली, जुन्या धोतराचा कोरडा तुकडा घातला. जनावरांचा डॉक्टर बोलावला. तो म्हशींचा माणूस, त्यानं लाहीला तळहातावर घेऊन खरं तेच सांगितलं, "मामा, छातीत भरलंय हिच्या. एवढ्याशा जिवाला आता काय टिकायचं न्हाय." दुपारी जयसिंगरावांनी तिला पदरात घ्यावं तसं धोतराच्या सोग्यात घेतलं. तिथंच ती गेली. फुटाणी पेटीत मागचे पाय आपटत होती.

परड्यात पुरून आले तर ओसरीवर मुनव्वर बसला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "सांगू नको पोरीला. एक दिसली म्हणजे झालं. दुसरी गवतात झोपलीया म्हणायचं. तसंही गवतातच असतात की."

जयसिंगरावांना खोटं बोलायची सवय नव्हती. पण भीती माणसाकडून काय करून घेत नाही? संध्याकाळी फोन आला. कोरडं नवं गवत घातलं होतं. त्यांनी हात घालून फुटाणी दाखवली.

"लाही?"

"गवतात झोपलीया."

मग, "बरं. ठेवते."

रात्री त्यांनी चूल पेटवली नाही. फोन वाचला होता, पण त्या फोनचं करायचं काय? रोज गवतात बोट घालून झोपलेल्या लाहीचं सोंग दाखवायचं? जी गोष्ट पोरीला न विचारता केली ती अंगाशी आली होती, आणि ही तर न सांगता करायची होती. एकदा पोरीला गृहीत धरून तिला घालवली, आता दुसऱ्यांदा तेच. सकाळपर्यंत त्यांचं ठरलं. फोन बंद झाला तर होऊ दे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या फोनची वाटच पाहिली नाही. स्वतःच लावला. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा. दुपार होती, ती कामावर असणार, तरी तिनं पहिल्या रिंगला उचलला.

"काय झालं?"

जयसिंगरावांनी सवयीनं फोन पेटीकडं धरला होता. हात काचेवर टेकवला आणि बोलून टाकलं. "दीपे, लाही गेली. काल दुपारी गेली. मी मारली तिला. गवताला मीठ मारलं गं, हरणीच्या वैरणीला तू मारायचीस तसं. तू सांगितलंवतंस ओल नको म्हणून. मी ऐकलं न्हाय. मी तवा कायच ऐकत नव्हतो."

फोनमध्ये मागं कुठंतरी परक्या भाषेत कुणीतरी बोलत होतं.

जयसिंगरावांचा आवाज फुटला. "फुटाणी हाय अजून. तिला बघायला तरी फोन करत जा. मला बोलू नको, चालंल. मी नुसता फोन धरून उभा ऱ्हाईन."

मग आवाज आला, तो पुण्याचा नव्हता.

"आबा, अंगठीला दोरा कधी गुंडाळला?"

"आँ?"

"काळा दोरा. आधीचं पिशवीतलं गवत हुतं तवा न्हवता. डोंगराकडचं गवत आलं तवापासनं हाय."

जयसिंगरावांनी आपल्या हाताकडं बघितलं. काचेवर टेकलेला हात, सुरकुतलेला, अंगठीखालून दोऱ्याचं टोक निघालेलं.

"निसटालती," ते म्हणाले.

"वाळला किती हात तुमचा." ती रडत होती आणि ते लपवत नव्हती. "काल गवतात झोपलीया म्हणालासा, तवा हात किती कापत हुता. तवाच कळलं मला, लाही न्हाय. आणि जनावरं कुठं बघालतो मी, आबा? रोज तुमचा हात बघालतो. तेवढाच दिसायचा."

इतके महिने त्यांना वाटत होतं, की आपण तिच्या जनावरांचे राखणदार.

"फोन फिरवा," ती म्हणाली. "पडद्यावर गोल बाणासारखं एक चिन्ह असंल बघा. तिथं बोट ठेवा."

चिन्ह सापडायला वेळ लागला. भलतंच काहीतरी दाबलं गेलं, पडदा काळा झाला, परत आला. मग कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत एकदम त्यांचाच चेहरा आला, दाढी वाढलेली, चष्मा नाकावर घसरलेला, आणि ते दचकले. तिनंही आपला कॅमेरा सुरू केला होता; मोठ्या पडद्यावर दीप्ती होती, निळ्या कपड्यांत, डोळे पुसत. तीही वाळली होती. जर्मनीत तिच्या पुढ्यात भाकरी थापणारं कोण होतं?

"फुटाणी दाखवू?" त्यांनी विचारलं.

"नको," दीप्ती म्हणाली. "असंच ऱ्हावा वाईच."